जळालेलं ऑइल

शी! माझ्या तोंडून पहिला शब्द तोच निघाला. भाचीनं गाडीचं मागचं दार उघडलं आणि आतून जे काही उतरलं, त्याला कुत्रा म्हणायला माझी जीभ वळेना. चपटं, दुमडलेलं थोबाड, खालचे दोन दात ओठाबाहेर, डोळे लाल आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंनी लाळेच्या जाड तारा. रंग मुळात पांढरा असावा, एका डोळ्यावर तपकिरी डाग. त्यानं उतरल्या उतरल्या अंग झटकलं आणि त्यातली एक तार माझ्या साडीवर येऊन चिकटली. मी विहारातून नुकतीच आले होते, धुतलेली पांढरी साडी नेसून.

"मावशी, बुलडॉग आहे. फक्त पंधरा दिवस ठेव. घर मिळालं की घेऊन जाते."

ही माझ्या बहिणीची मुलगी चंद्रपुरात जनावरांची डॉक्टर आहे. रस्त्यावरची, टाकून दिलेली कुत्री उचलायची, बरी करायची आणि कुणाच्या तरी गळ्यात मारायची, हा तिचा उद्योग. तिच्याकडे आधीच सहा कुत्री होती आणि हा सातवा त्यांच्यात टिकला नसता. माजरीकडे कोळशाच्या वाहतुकीचा एक ठेकेदार भाड्याच्या बंगल्यात राहायचा. काम संपलं तसा तो टीव्ही, फ्रिज, सोफा, सगळं ट्रकमध्ये घालून निघून गेला आणि हा मागच्या अंगणात साखळीला तसाच राहिला. शेजाऱ्यांना वाटलं, घरात कुणी असेल. कूलरच्या टाकीत उरलेलं हिरवं पाणी पिऊन तो जगला. सोफा न्यायचं सुचलं, पण हा नाही. मी आयुष्यात पुष्कळ नालायक माणसं पाहिली, पण असला पाहिला नव्हता.

"माझ्याकडेच काऊन?" मी विचारलं.

"तुझ्याकडं कूलर आहे, तू दिवसभर घरी असतेस. या जातीला ऊन सोसत नाही, नाकच नाही ना त्याला. आणि तुला घाणीची सवय आहे."

हे तिचं खरं होतं. मी घुग्घुसची. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून सगळी नोकरी काढली. बाळंतपणं, गळवं, जुलाब, सडलेले पाय, सगळं या हातांनी केलं. नव्या पोरी तोंडावर रुमाल धरून बाहेर पळायच्या तेव्हा मी पू काढता काढता पेशंटच्या सासूची चौकशी करत असे. एकाच गोष्टीनं माझं डोकं फिरायचं, जखमेला भलतंसलतं लावून येणारे लोक. तंबाखू, चुना, बिडीची राख, शेण. एकीनं तर तान्ह्याच्या बेंबीला शेण लावून आणलं होतं. मी तिला इतकं बोलले, इतकं बोलले, की माझा आवाज बाहेर हातपंपावरच्या बायांनी ऐकला. "अक्कल गहाण ठेवली का तुम्ही? लेकराले मारता का?" त्या बाईनं मान वर केली नाही. दवाखान्यात सगळे मला भ्यायचे आणि मला ते आवडायचं, आता कबूल करायला काय जातं.

तर मला घाणीची सवय होती. पण माणूस बरा होतो आणि घरी जातो. हा घरातच होता.

एक तर घुग्घुसची कोळशाची धूळ. सकाळी ओटा पुसावा आणि दुपारी त्यावर बोटानं अक्षरं काढावीत. ती धूळ आणि याची लाळ मिळून तोंडाच्या घड्यांत काळा चिखल साचायचा. रोज दोनदा घडी उघडायची, कापसानं पुसायची, कोरडी करायची. वास असा की डाळीला फोडणी दिली तरी नाकातून जाईना. शेपटी म्हणाल तर शेपटी नव्हतीच, नुसता एक पिळलेला गड्डा, त्याच्याखाली खळगा आणि त्या खळग्यात जे साचायचं ते मी लिहीत नाही, तुम्ही जेवत असाल. शिवाय हा वारा सोडायचा. आवाज नाही, काही नाही, एकदम खोलीतली हवा बदलायची आणि हा माझ्याकडे असा पाहायचा की मीच केलं. जेवण झालं की पाण्याच्या भांड्यात अख्खं तोंड बुडवायचा आणि तेच गळकं तोंड घेऊन माझ्या मांडीवर टेकवायला यायचा.

"हट मेल्या, दूर हो," मी म्हणायची. तो बसून राहायचा.

कूलर एकच होता. पहिल्या आठवड्यात त्याचं तोंड माझ्या खाटेकडे होतं. दुसऱ्या आठवड्यात मी खाट भिंतीकडे सरकवली, कारण धापा टाकताना त्याची जीभ जांभळी व्हायची आणि मला ते पाहवेना. भाचीला सांगितलं नाही. ती म्हणाली असती, बघ, लळा लागला. कसला लळा! मला तो घरातून जायला हवा होता. पण धड घरात जायला हवा होता, एवढंच.

आणि धड घर सापडेना.

भाचीनं मोबाइलवर त्याचा फोटो टाकला होता. माणसं थेट माझ्याकडे येऊ लागली. एक आला गळ्यात जाड सोन्याची चेन घालून, चंद्रपूरचा. आल्या आल्या त्यानं कुत्र्याचा मागचा पाय उचलून खाली पाहिलं. "जोडा लावता येते ना?" म्हणे. मग म्हणे, "गुरगुरत नाई का? रील बनवाची होती." तोंडातला तंबाखूचा खर्रा चघळत चघळत बोलत होता आणि बोलता बोलता माझ्या तुळशीच्या कुंडीत थुंकला. तुळस मी खोकल्याच्या काढ्यासाठी लावलेली. मी त्याला विचारलं, "दुपारी दोन वाजता हा कुठी झोपन तुमच्या घरी?" तो म्हणाला, "गच्चीवर शेड हाय ना, पत्र्याचं." मे महिन्यात, चंद्रपुरात, पत्र्याखाली! मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

दुसरा सिंदेवाहीकडचा शेतकरी, जंगलाला लागून घर. माणूस गरीब, हात जोडून बोलणारा. मी म्हटलं, याच्याकडे गारवा असेल. पण त्यानं सगळं सरळच सांगितलं. "आंगणात बांधतो जी. बिबट आला का पयले कुत्र्यावर जाते. कुत्रा वरडला का आपुन उठतो, गाय वाचते." त्याचे आधीचे दोन असेच गेले होते. "हा जाडा हाय, दोन दिवस पुरन त्याले," असं म्हणून तो हसला. मी त्याच्यावर ओरडले. तो शांतपणे म्हणाला, "गाय गेली त लेकरांले दूध कोठून आणू, बाई?" तरी कुत्रा मी दिला नाही. त्या दिवशी मला त्याची किळस आली आणि त्याला घालवून दिल्यावर स्वतःचीही थोडी आली.

पंधरा दिवसांचे दोन महिने झाले. मग आलापल्लीचं ते जोडपं आलं.

नवरा जंगलखात्याच्या लाकूड डेपोतून रिटायर झालेला. त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन चंद्रपुरात होतं, तेव्हा भाचीच्या दवाखान्याच्या भिंतीवर त्यांनी फोटो पाहिला. बायको माझ्याच वयाची, आश्रमशाळेत स्वयंपाक करणारी, ठेंगणी, कमी बोलणारी. त्यांचाही कुत्रा बिबट्यानं नेला होता. मी तेच ठेवणीतलं विचारलं, दुपारी दोन वाजता कुठं झोपेल? ती म्हणाली, "घरात. मातीच्या भिंती हायेत, वर कवेलूचं छप्पर, मांगं सागाची झाडं. मले राखणीले नाई पाह्यजे जी. घरात झोपणारा पाह्यजे."

तेवढ्यात हा गेला आणि ते गळकं तोंड तिच्या मांडीवर टेकवलं. मी ओरडायच्या आत तिनं आपल्या साडीचा पदर घेतला, त्याचं तोंड पुसलं, घडीत बोट घालून तिथलंही पुसलं आणि पदर तसाच खांद्यावर टाकला. नाक मुरडलं नाही, काही नाही. मी दोन महिन्यांत कापसाशिवाय हात लावला नव्हता.

"पंधरा दिवसांनं यांचा डोळा दाखवाले येतो, तेव्हा नेतो," ती म्हणाली. तिनं त्याच्या शेपटीखालची लाली पाहिली आणि एवढंच म्हणाली, "हे बरं झालं पाह्यजे पण."

आणि तेच बरं होईना. भाचीनं मलम दिलं होतं. म्हणाली होती, हळूहळू उतरेल, घाई करू नको. पण मला घाई झाली. लाली वाढली, तो भिंतीला घासून घासून तिथलं रक्त काढू लागला, वास दुप्पट झाला. ते जोडपं यायला चार दिवस राहिले. मला वाटलं, हे असलं पाहून बाई मागे सरली तर? परत गच्चीवाले, परत बिबटवाले. माझा जीव टांगणीला लागला.

आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर ट्रकचं गॅरेज आहे. तिथला मिस्त्री रोज याला भिंतीला अंग घासताना पाहायचा. "बाई, तुम्ही एवढ्या शिकल्या सवरल्या," तो म्हणाला, "खरुजीले जळालेलं ऑइल लावा ना. एक नंबर. दोन दिवसात चामडं कोरं." त्यानं ट्रकखालचं काळं ऑइल डालड्याच्या जुन्या डब्यात ओतून दिलं, वर एक रंगाचा ब्रशही दिला.

आमच्याकडे हे सगळेच करतात. माझा बाप बैलांना लावायचा. गोठ्याच्या खुंटीला तो डबा टांगलेलाच असे. मी तो डबा हातात घेतला तेव्हा मला बाप आठवला, तो दवाखाना आठवला नाही, ती शेणवाली बाई आठवली नाही. आठवली असती तरी, खरं सांगू का, मी लावलंच असतं. माणसाला लावणाऱ्यांवर मी ओरडत होते. हा तर कुत्रा होता.

शेपटीखाली लावलं. मग म्हटलं, तोंडाच्या घडीतही लावून टाकू, एकदाचं संपू दे.

दुपार कलता तो ओकला. काळं ओकला. मग उभा राहायला गेला आणि मागचे पाय फाकले. जीभ जांभळी नाही, राखाडी झाली. सगळी दुपार तो ते चाटत होता आणि मी, निवृत्त नर्सबाई, कूलरसमोर डुलकी काढत होते. मी त्याला उचललं, त्याचं वजन काय सांगू, रिक्षात टाकलं आणि चंद्रपूरपर्यंत त्याचं डोकं मांडीवर धरून नेलं. लाळ, ओकारी, ऑइल, सगळं माझ्या अंगावर. तेव्हा मात्र शी म्हणायचं सुचलं नाही.

भाचीनं त्याला पाहिलं, बोट लावून वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"मावशी, तू?"

बस, एवढंच. तिनं आधी खायचं तेल चोळून ते काळं सोडवलं, मग भांडी घासायच्या साबणानं तीन वेळा धुतलं, सलाइन लावलं. ऑइलखालची कातडी सोलून निघाली होती, शेपटीखाली कच्चं लाल मांस दिसत होतं. ज्या सडलेल्या पायांवरून मी लोकांना फाडून खात असे, अगदी तसं. दोन दिवस तो तिच्याकडे राहिला. तिसऱ्या दिवशी त्यानं दहीभात खाल्ला आणि भाचीनं त्याला माझ्याकडे सोडलं.

"ते लोक येतील तेव्हा मी ऑपरेशनमध्ये असेन," ती म्हणाली. "तू त्यांना खरं सांग. गावाकडे सगळे हेच लावतात, तेही लावतील. तू लावलंस आणि काय झालं हे तुझ्या तोंडून ऐकलं तर कधी लावणार नाहीत."

"सांगते," मी म्हटलं.

ती दोघं सकाळीच आली, ऊन व्हायच्या आत त्याला न्यायचं म्हणून जीप ठरवून. बाईनं त्याला पाहिलं आणि मटकन खाली बसली. "हे काय झालं जी? मागच्या वेळेस त असं नव्हतं."

मी तोंड उघडलं. खरंच सांगणार होते. पण ती मला "नर्सबाई, नर्सबाई" म्हणत होती. मघाशीच तिनं नवऱ्याला सांगितलं होतं, बाईच्या हातचं कुत्रं हाय, काळजी नाई. आणि माझ्या तोंडून दवाखान्यातला तो आवाज निघाला, ठाम, मोठा. "आधीच्या मालकानं जळालेलं ऑइल लावलं होतं. आत मुरलं होतं ते. आता फुटून वर आलं. तुम्ही कधी लावू नका."

आत मुरलं होतं! दोन महिने! काय पण बोलले मी.

ती उठून मोरीत हात धुवायला गेली, बराच वेळ पाणी वाजत राहिलं. परत आली, पदरानं हात पुसले आणि माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "ज्यानं हे केलं, त्याच्या हाताले किडे पडो."

"पडो," मी म्हटलं.

मग आम्ही चहा प्यायलो. माझ्या हाताला लाळ लागत होती, कारण तो माझा हात चाटत होता. जीपमध्ये चढवायला मीच त्याला उचललं. घर एकदम स्वच्छ झालं, वास गेला, ओटा कोरडा झाला आणि मला त्या स्वच्छ घरात जेवण गेलं नाही.

दर महिन्याला त्या बाईचा फोन यायचा. सुरुवात ठरलेली असायची. "तो हरामखोर," ती म्हणायची, "त्याच्या हाताले किडे पडो. नर्सबाई, तुम्ही कशा?" मी म्हणायची, बरी आहे. मग ती सांगायची, खाते किती, झोपते किती, आश्रमशाळेतल्या पोरी त्याला घोरताना पाहायला कशा येतात. शेपटीखाली केस आले. प्रत्येक वेळी मी म्हणायची, "येते एकदा त्याले पाहाले." आणि प्रत्येक वेळी ती म्हणायची, "नका येऊ जी. रस्ता लय खराब हाय." आलापल्लीला जाताना आष्टीच्या पुढचा रस्ता खनिजाच्या ट्रकांनी खाल्लेला, हे सगळ्यांना माहीत आहे. मी मानायची.

सकाळी विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी, खोटं बोलणार नाही तिथं, माझा आवाज बारीक व्हायला लागला. शेजारची बाई एकदा म्हणाली, घसा बसला का? मी म्हटलं, धूळ. म्हणजे तिथंही खोटंच.

मागच्या महिन्यात, थंडी संपता संपता, फोन आला. पुन्हा तो हरामखोर, पुन्हा किडे. मग म्हणाली, "बाई, काल एक जण याच्या कानाले जळालेलं ऑइल लावा म्हणून सांगत होता. मी हाकलून देल्लं. म्हटलं, घुग्घुसच्या नर्सबाईनं याले मौतीतून वाचवलं हाय. तिनं ऐकलं त तुले फाडून खाईन."

आता मला ते ऐकवेना. मी म्हटलं, "बाई, ते ऑइल मी लावलं होतं. ठेकेदारानं नाई. मी. तुम्ही यायच्या चार दिवस आधी."



"माहीत हाय जी," ती म्हणाली.

"काय माहीत हाय?"

"हात धुवाले मोरीत गेली ना मी तुमच्या. डबा तिथीच होता. बिरश त्याच्यात उभा. बिरशाले पांढरे केस."

मी विचारलं, "मंग तेव्हाच बोलल्या काऊन नाई?"

"तुम्ही काऊन नाई बोलल्या?" ती म्हणाली. मग अगदी साध्या आवाजात, भाजीचं विचारावं तसं, "मंग दर महिन्याले शिव्या कोणाले देत होती मी? त्या ठेकेदाराले? त्याले त मी ओळखत बी नाई."

मी रडत होते की काय, मला नीट आठवत नाही. मागे कुठंतरी तो घोरत होता, ते फोनवर ऐकू येत होतं, तेच घाणेरडं, ओलं घोरणं. मी माफी मागायला लागले तर तिनं मला मधेच तोडलं.

"ते राहू द्या. या रविवारी या त्याले पाहाले. रस्ता बरा झाला आता."

त्याच सकाळच्या पेपरात त्या रस्त्यावर रुतलेल्या ट्रकचा फोटो आला होता.